आप्पांच्या राजाची उडी

आप्पांना झटका आला आणि आमच्या घरात दोन पक्ष पडले. माझं म्हणणं, आप्पांना सगळं कळतं, फक्त तोंडावाटे बाहेर येत नाही. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं म्हणणं, त्यांना आता काहीच कळत नाही, आपण उगाच आपल्या समाधानासाठी त्यांच्याशी बोलत बसतो. आई माझ्या बाजूची आहे असं मी धरूनच चालले होते. डॉक्टर कुणाच्याच बाजूचे नव्हते. उजवं अंग गेलं आहे, वाचा गेली आहे, समज किती उरली आहे ते हळूहळू दिसेल, एवढं सांगून ते पुढच्या खाटेकडे वळायचे. त्यांच्या त्या ‘हळूहळू’ची मला चीड यायची. एकदा मी त्यांना अडवून विचारलंच, हळूहळू म्हणजे कधी? तर म्हणाले, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं.

तेव्हापासून मी त्या महिन्यांच्या मागे हात धुऊन लागले.

आमचं घर दिघीत, लष्कराच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. जमीन होती तोवर आमची माणसं शेती करत होती, मग कंपन्यांत गेली. आप्पांनी पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर जन्म काढला आणि तिथूनच निवृत्त झाले. मी लग्न मोडून माहेरी आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनतात अशा एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. फर्स्ट शिफ्ट असली की अंधारात बस पकडायची आणि चार-साडेचारच्या पुढे, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अंग आंबवून घरी यायचं. दादा मोशीलाच राहतो, फ्लॅटमध्ये. जमिनींचे व्यवहार करतो. त्याचं बोलणं गोड आणि फोन सतत वाजता. मला या दोन्ही गोष्टींचा संशय येतो.

दादाने देहूच्या बाजूला एक केंद्र पाहून ठेवलं होतं. अंथरुणाला खिळलेली माणसं तिथे सांभाळतात. त्याने हे पहिल्यांदा काढलं तेव्हा मी ताटावरून उठले. आमच्या भावकीत आजवर कुणी बापाला बाहेर ठेवलेलं नाही, आणि दादाला एकदम ही कळकळ का सुटली हे मला स्वच्छ दिसत होतं. आमच्या आळीतली तीन घरं पाडून तिथे इमारती उठल्या होत्या. चौथं आमचं. मी तसं बोलूनही दाखवलं. दादाने ते ऐकून घेतलं. जाताना चपला घालता घालता म्हणाला, “आप्पांना कळतंय, एवढं तू मला एकदा दाखव. परत मी त्या केंद्राचं नाव काढणार न्हाई.”

मी म्हटलं, दाखवते.

कसं दाखवायचं ते मला माहीत नव्हतं. हाक मारली तर आप्पा कधी बघायचे, कधी नाही. भिंतीवर पाल सरकली तरी तेवढंच बघायचे. फिजिओथेरपीला एक मुलगी यायची, ती म्हणाली, पूर्वी हाताने जे करत होते ते डाव्या हाताला करायला द्या. लेथ काही घरात आणता येत नाही. मी माळ्यावरून बुद्धिबळाचा पट काढला.

बुद्धिबळावरून माझी आणि आप्पांची जुनी भांडणं होती. आप्पा खेळायचे देशी. मारुतीच्या पारावर, संध्याकाळी, चार बघे आणि आठ सल्ले देणारे. त्यांच्या खेळात प्यादं एका वेळी एकच घर चालतं, आणि किल्लेकोट वगैरे काही नसतं. त्याऐवजी राजाला एक सवलत असते: डावात एकदाच, आणि तीही त्याला पहिला शह बसायच्या आधी, राजा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकतो. मी खेळ शिकले शाळेत, स्पर्धेच्या नियमांनी. मला हे सगळं गावठी वाटायचं. राजा आहे का टोळ, असं मी त्यांना चिडवायची. आप्पा म्हणायचे, “राजा हाय त्यो. जन्मात एकदा तरी त्याला त्याच्या मनासारखं करू दे की.” शेवटी तह झाला. घरात माझे नियम, पारावर त्यांचे. दादाने मात्र पारावरच बसून आप्पांचा खेळ उचलला होता.

झटक्यानंतर पहिल्यांदा पट मांडला तेव्हा आप्पांनी डाव्या हाताने तो ढकलून दिला आणि सोंगट्या खाटेखाली गेल्या. मी गोळा करून परत मांडल्या. असं कितीतरी दिवस चाललं. मग एक दिवस त्यांनी एका प्याद्यावर बोट ठेवलं आणि ते पुढे सरकवलं. सरळ, एक घर. मला इतकं भरून आलं की मी आपली चाल करायचीच विसरले.

त्यानंतर रोज कामावरून आल्यावर मी त्यांच्यासमोर बसायची. मी एक चाल करायची आणि वाट बघायची. त्यांची चाल येईपर्यंत माझी मेथी निवडून व्हायची. बऱ्याचदा ते भलतंच काहीतरी करायचे. हत्ती तिरका न्यायचे, उंट माझ्या हातात द्यायचे, प्यादं पटाबाहेर उशीवर ठेवायचे. तसं झालं की मी ती सोंगटी गुपचूप जागेवर ठेवून परत वाट बघायची. कधीतरी नियमात बसणारी चाल यायची, ती मी ठेवून घ्यायची. डाव अर्धा राहिला की पट तसाच उचलून कपाटावर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू. अशा रीतीने एक डाव मधोमध येऊन पोहोचला. दोन्हीकडच्या बऱ्याच सोंगट्या पटावर होत्या आणि काय होईल ते सांगता येत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

त्या दिवशी कंपनीत एका बॅचवरून सुपरवायझरशी माझी वाजली होती. डोकं भणभणत होतं. घरी आले, हातपाय धुतले, पट खाली काढला आणि आप्पांना उशीला टेकवून बसवलं. मागच्या मोरीत आई चादरी धूत होती. पटाकडे बघत बसले आणि थोड्या वेळाने मला जाणवलं की इथे काहीतरी आहे. खेळणाऱ्या माणसाला हे कळतं. अजून चाल दिसलेली नसते, पण ती तिथेच कुठेतरी आहे असं वाटायला लागतं.

माझा वजीर कडेच्या मोकळ्या पट्टीवर होता आणि तिथून तो आप्पांच्या राजाशेजारच्या रिकाम्या घरावर रोखलेला होता. माझा एक उंटही तिरक्या रेषेत त्याच घराकडे बघत होता, पण मध्ये माझाच घोडा उभा. घोडा हलवला की उंटाची वाट मोकळी होणार. हलवायचा कुठे? पहिल्यांदा अर्थातच शह देणारं घर दिसलं. शह दिसला की हात शिवशिवतो. पण तिथे गेलं की त्यांचा घोडा माझा घोडा मारतो, आणि तिथे बसून राजाचं दारही राखतो. मी ती चाल सोडली, परत तिच्याकडेच आले, परत सोडली. आणि मग मला दुसरं घर दिसलं. राजाच्या अगदी जवळचं, शह न देणारं, वरवर काहीच न करणारं. घोडा तिथे गेला की उंटाची वाट मोकळी, आणि घोड्याचाही रोख त्याच रिकाम्या घरावर. आप्पांनी प्यादं पुढे करून उंटाला अडवलं तरी वजिराला घोड्याचा जोर आहेच. त्यांचा घोडा मदतीला येणार तर तो ज्या घरावर उतरेल तिथे माझं प्यादं टपलेलं. पुढच्या चालीला वजीर राजाशेजारी जाऊन बसणार आणि मात. मी सगळ्या वाटा एकेक करून तपासल्या. कुठूनच सुटका नव्हती.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा मी आप्पांचा आजार विसरले, दादाला विसरले, ती बॅचही विसरले. आजारी बापाला मात देऊ नये वगैरे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी घोडा उचलला आणि त्या घरात ठेवला.

आप्पा पटाकडे बघत राहिले. आईच्या धोपटण्याचा आवाज येत होता. मग त्यांचा डावा हात वर आला, पटावर फिरला, आणि त्यांनी राजा उचलला. उचलून तो दोन घरं बाजूला, एक घर पुढे, असा नेऊन ठेवला.

सवयीने माझा हात पुढे गेला, राजा परत जागेवर ठेवायला. तो तसाच हवेत थांबला. अडीच घरं. त्या डावात मी त्यांच्या राजाला एकदाही शह दिलेला नव्हता. आणि राजा उतरला होता ते घर सुरक्षित होतं. वजीर पोहोचत नव्हता, उंट पोहोचत नव्हता, काही म्हणजे काही पोहोचत नव्हतं. मी सगळ्या वाटा तपासल्या होत्या, फक्त पारावरची वाट तपासली नव्हती. ती मी किती वर्षांपूर्वी घरातून हाकलून दिली होती.

मी रडायला लागले. मग हसायला लागले. त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, आप्पा, मला माहीत होतं, मला माहीत होतं. आईला ओरडून हाक मारली. ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं, घोडा, उंट, उडी. आप्पांना कळतंय आई, सगळं कळतंय. तिने आप्पांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “व्हय का,” म्हणाली, आणि परत मोरीत गेली. मला तिचा रागच आला. इतकी मोठी गोष्ट झाली आणि हिला चादरींची पडली आहे.

पुढचे काही दिवस मी जमिनीवर नव्हते. बसमध्ये शेजारच्या बाईला सांगितलं, कॅन्टीनमध्ये सांगितलं, फिजिओच्या मुलीला तर पट मांडून दाखवलं. दादाला फोन करून म्हटलं, रविवारी ये, तुला दाखवायचं आहे. आवाजात जो तोरा होता तो त्याला ऐकू गेला असणार. तो फक्त येतो म्हणाला.

रविवारी तो आला. येताना आप्पांना आवडतात म्हणून चिकू घेऊन आला होता, ते आईने चिरून कुस्करून त्यांना भरवले. मग मी पट मांडला. मी दादाला म्हटलं, तू खेळ, पारावरच्या नियमांनी खेळ, म्हणजे तुझी खात्री होईल. तो खाटेवर आप्पांच्या पायाशी बसला. त्याने मला एकच विनंती केली, तू मध्ये हात घालू नको.

मी हात मांडीखाली दाबून बसले. पहिल्या काही चाली बऱ्या गेल्या. आप्पांनी एक प्यादं सरकवलं, दुसरं सरकवलं. दादा सावकाश खेळत होता, आप्पांचा हात वर येईपर्यंत एक शब्द बोलत नव्हता. मग त्याला उंटाने शह द्यायला मिळाला आणि त्याने तो दिला. आप्पांचा हात राजावर गेला. राजा उचलून त्यांनी अडीच घरांवर ठेवला. मी दादाकडे बघितलं. बघ, असं मला म्हणायचं होतं.

“शह बसल्यावर उडी नसती गं,” दादा हळू आवाजात म्हणाला.

मी म्हटलं, तेवढं विसरले असतील, आजारी माणूस आहे. दादाने मान हलवली आणि राजा परत जागेवर ठेवला. आप्पांनी तो परत उचलला आणि तसाच ठेवला. मग हत्ती उचलला, तोही तसाच, बाजूला आणि जरा पुढे. मग एक प्यादं, तसंच. खाटेवर टेकून बसल्यावर त्यांचा हात जेवढा जात होता तेवढा जाऊन सोंगटी सोडत होता. मला ते दिसलं. त्या दिवशीही हात तेवढाच गेला होता. फक्त त्या दिवशी हाताखाली राजा होता, आणि त्याआधी हात तसाच जाऊन पडलेल्या कितीतरी सोंगट्या मीच माझ्या हाताने जागेवर ठेवल्या होत्या.

मग आप्पांनी दादाचा घोडा उचलला आणि तोंडात घातला.

“आप्पा, थुका,” दादा म्हणाला. त्याने त्यांच्या हनुवटीखाली तळहात धरला, लहान मुलाला करतात तसा. “थुका आप्पा, गिळू नका.” आप्पा चावत राहिले. शेवटी दादाने बोट घालून घोडा बाहेर काढला, तेव्हा ते बोटाला कडकडून चावले. दादाने घोडा रुमालाने पुसला आणि पटावर परत त्याच्या जागी ठेवला. त्याचे डोळे भरले होते. तो जिंकला होता आणि त्याला जिंकायचं नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं आणि दिसलं म्हणूनच मी जास्त चवताळले.

मी वाटेल ते बोलले. तुला घर पाहिजे, बिल्डरला कधी शब्द दिलास, बापाला टाकायला निमित्त शोधत होतास, ते मिळालं. त्याच्या बायकोवर गेले, मुलांवर गेले. दादा मान खाली घालून ऐकत होता. एकदाच त्याने वर बघितलं, तेही आईकडे. आई चिकूची वाटी हातात घेऊन उभी होती.

“त्याला न्हाई बोलायचं,” आई म्हणाली. “मीच सांगितलं त्याला, जागा बघ म्हणून.”

मला वाटलं ती त्याला पाठीशी घालते आहे. मी तसं म्हणालेही. तेव्हा तिने वाटी खाली ठेवली आणि भिंतीला धरून खाली बसली. बसायला तिला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

“माज्यानं व्हत न्हाई आता, पोरी. तू येतीस पाच वाजता. त्यांना बसवलेलं असतं, पुसलेलं असतं. तू सोंगट्या मांडतीस. त्यांना समजतं का न्हाई, ह्यो तुमचा वाद. मला उचलावं तर तेवढंच लागतं की.”

दादाला तिने हे काही महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, तू इतकी आशेवर होतीस. पुढे कितीतरी दिवस मी दोघांशी बोलले नाही. दादाचा राग मला करता येईना आणि आईचा राग जाईना. मला वाटायचं, तिने मला आधी सांगितलं असतं तर मी तरी कशाला आशा धरली असती. मग वाटायचं, ती धुवत होती त्या चादरी कुणाच्या होत्या हे मला माहीत नव्हतं का. दोन्ही खरं होतं आणि दोन्हींचा उपयोग नव्हता.

केंद्रात आम्ही त्यांना दादाच्या गाडीतून नेलं. मागच्या सीटवर मी आणि आईने त्यांना मधे घेतलं होतं. तळवड्याच्या पुढे कंपन्यांच्या बसची रांग लागली होती, शिफ्ट सुटली होती. आप्पा खिडकीतून बघत होते. कुठे नेतोय ते त्यांना सांगायचं मला धाडस झालं नाही, आणि सांगून तरी काय, असंही वाटलं.

जागा वाईट नव्हती. फरशी स्वच्छ होती, खोलीत तीन खाटा होत्या, खिडकीतून उसाचं शेत दिसत होतं. तिथल्या बाईने आप्पांना सराईतपणे खाटेवर घेतलं. आई तिला एकेक सांगत होती, ती हो हो म्हणत होती. मग निघायची वेळ झाली. आई चादर सारखी करायला वाकली तेव्हा आप्पांनी डाव्या हाताने तिचा पदर धरला.

आईने हसून तो सोडवायला घेतला. सुटेना. तिने बोटं उलगडली, ती परत मिटली. आप्पा तिच्याकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते, पण मुठीच्या शिरा तटतटल्या होत्या. त्यांच्या घशातून एक सूर निघत होता. तो मी घरी कधी ऐकला नव्हता. दादा पुढे झाला आणि तसाच थांबला. आई माझ्याकडे बघायला लागली. तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती तिला मी काय उत्तर देणार होते? आप्पांना कळतं, आप्पांना सगळं कळतं, हे महिनोन् महिने तिच्या कानीकपाळी ओरडणारी मीच.

त्या बाईला हे नवं नव्हतं. ती आली, आप्पांच्या मनगटाखाली दाबून तिने एकेक बोट मोकळं केलं आणि पदराच्या जागी त्यांच्या हातात चादरीचं टोक दिलं. त्यांनी तेही तसंच घट्ट धरलं.

“सगळेच धरतात,” ती म्हणाली. “हाताला लागेल ते धरतात. त्यांना कळत नसतं हो, तुम्ही नका मनाला लावून घेऊ.”

आई अजून त्या मुठीकडेच बघत होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला दाराकडे वळवलं आणि म्हटलं, त्या बरोबर सांगतायत आई, आप्पांना काही कळत नाही. आणि देवाशपथ, ते खरं असावं असं मला त्या क्षणी जेवढं वाटलं तेवढं आयुष्यात दुसरं काहीही खरं असावंसं वाटलेलं नाही.